हायपरबेरिक ऑक्सिजन सेंटरचा अनुभव – बाबांच्या पायासाठी गेलो, डॉक्टरांमुळे टिकलो

हायपरबेरिक म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात ती ट्रीटमेंट. पाचपैकी पाच देतेय आणि सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत धड माहिती कुठेच मिळाली नाही. जे मिळालं ते सगळं "ऑक्सिजन घ्या आणि दहा वर्षांनी तरुण व्हा" टाइप. ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे आणि पायाची जखम भरत नाहीये, किंवा कॅन्सरच्या रेडिएशननंतर जबड्याला नाहीतर लघवीच्या पिशवीला त्रास सुरू झालाय, किंवा घरात कुणी पाण्याखाली डायव्हिंग करतं, त्यांनी पूर्ण वाचा. लांबलंय, पण वाचा.

आधी केस सांगते. बाबांना शुगर कित्येक वर्षांची, अंगठ्याच्या खाली तळव्याला जखम झाली, ती आत हाडापर्यंत गेली. सर्जननी सडलेला भाग काढला, अँटिबायोटिक चालू, रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, भार येऊ नये म्हणून खास चप्पल दिली, सगळं करून जखम हट्टाने तिथल्या तिथे. पाय कापावा लागेल हे कोणी तोंडाने बोलत नव्हतं पण घरात सगळ्यांच्या डोक्यात तेच चालू होतं. सर्जनच म्हणाले की हायपरबेरिकचं मत घेऊन बघा, माझं काम चालू ठेवूनच, ते सोडून नाही.

आता इथे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. तिथे चेन लावायची फुगवायची पिशवी होती, आत झोपायचं. थकवा, केस गळणं, सुरकुत्या, शुगर, गुडघे सगळ्यावर एकच इलाज आणि तो पण पॅकेजमध्ये. बाबांचा पाय कोणी उघडून बघितला नाही, कानात कोणी बघितलं नाही, डॉक्टर कोण विचारलं तर म्हणे "फोनवर अव्हेलेबल असतात". अशा पिशव्यांमध्ये दाब साधारण १.३ ॲटमॉस्फिअर असतो (१ म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेचा नेहमीचा दाब). जखमांच्या खऱ्या ट्रीटमेंटला बहुतेक ठिकाणी २ ते २.५ च्या आसपास लागतो आणि त्यात शुद्ध ऑक्सिजन. नाव तेच सांगतात पण ही ट्रीटमेंटच वेगळी, हे लोकांना कळत नाही आणि पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे जखमेचा वेळ जातो.

ह्या सेंटरला पहिल्या दिवशी मशीन दाखवलंच नाही. डॉक्टरांनी आधी बाबांना खुर्चीत बसवलं, पट्टी सोडून पाय मांडीवर घेतल्यासारखा जवळ घेऊन बघितला, सळई घालून खोली बघितली, मग दोन्ही कानात दुर्बीण, मग छातीचा एक्स रे मागितला. फुफ्फुसात कुठे हवा अडकत असेल तर दाब कमी होताना ती फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं, म्हणून. कधी फिट आली होती का, कुठलं केमो झालंय का, मोतीबिंदूचं ऑपरेशन, इन्शुलिन किती वाजता, जेवण किती वाजता, सगळं विचारलं. अर्धा तास सहज गेला असेल. मग पायाच्या कातडीवर एक छोटा सेन्सर चिकटवला, तिथे कातडीपर्यंत ऑक्सिजन किती पोचतोय ते तो मोजतो, आणि म्हणाले, "काका, आत दाबाखाली हा आकडा चांगला चढला तर पुढे जाऊ. नाही चढला तर मी तुमचे पैसे घेणार नाही, कारण मग उपयोग व्हायची शक्यताच कमी." आकडा चढला. पण हे वाक्य ऐकून आईने माझ्याकडे बघितलं आणि तिथेच आमचं ठरलं होतं.

हे काम कसं करतं ते त्यांनी बाबांना कागदावर काढून दाखवलं, मी माझ्या शब्दात लिहिते. आपण साधी हवा घेतो तेव्हाच रक्तातलं हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, त्यामुळे नुसती नाकाला नळी लावून रक्तात फार काही जास्त मावत नाही. पण दाब वाढवला की ऑक्सिजन रक्ताच्या पातळ भागात, प्लाझ्मामध्ये, विरघळतो. एरवी १०० मिली रक्तात विरघळलेला ऑक्सिजन असतो ०.३ मिलीच्या आसपास, ३ ॲटमॉस्फिअरला शुद्ध ऑक्सिजन दिला की तो ६ मिलीच्या घरात जातो. जिथे नस बारीक झालीय आणि लाल पेशी कमी पोचतात तिथे हे पाणी तरी पोचतं. ॲमस्टरडॅमचे बोरेमा नावाचे हार्ट सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये दाखवलं की डुकराच्या रक्तातल्या लाल पेशी जवळपास सगळ्या काढल्या तरी ३ ॲटमॉस्फिअरला ते जगतं. जखमेला ह्याचा फायदा असा की पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन मिळतो आणि रोज रोज केल्यावर हळूहळू नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून एका सेशनने काही होत नाही, पायाच्या जखमेला साधारण २० ते ४० लागतात. हे आधीच मनाची तयारी करून जा.

चेंबर स्टीलचं आहे, बरेच जण बसतात असं. आत साधी हवा दाबाने भरतात आणि ऑक्सिजन प्रत्येकाला डोक्यावरच्या पारदर्शक हूडमधून. एकट्याने झोपायचे काचेसारखे ॲक्रिलिकचे चेंबर पण काही ठिकाणी असतात, त्यात सहसा पूर्ण चेंबरच ऑक्सिजनने भरतात. बाबांसारख्या बडबड्या माणसाला बसायचं बरं, समोर कोणीतरी असतं. आणि आत एक अटेंडंट कायम असतो, ही मला सगळ्यात धीराची गोष्ट वाटली.

सुरुवातीची काही मिनिटं कानाची. दाब वाढायला लागला की घाटात बसतात तसे कानाला दडे बसतात, पण इथे ते जोरात आणि पटापट. नाक दाबून हलकेच फुंकर मारायची, गिळायचं, जबडा हलवायचा. बाबांचा डावा कान उघडेना, त्यांनी बोट वर केलं, लगेच बाहेर पॅनेलवर दाब थांबवला, थोडा खाली आणला, कान सुटला, मग परत वर. कोणी घाई केली नाही, बाकीच्या पेशंटनी पण तोंडं वाकडी केली नाहीत. दाब चढताना आत गरम होतं, शेवटी दाब उतरताना एकदम गार आणि कधी कधी धुकं पडतं, घाबरू नका. पूर्ण दाबाला पोचल्यावर आपण १४ मीटर पाण्याखाली बसल्यासारखे असतो, २.४ ॲटमॉस्फिअर. ऑक्सिजन साधारण ९० मिनिटं, मध्ये मध्ये ५ मिनिटं हूड काढून साधी हवा, कारण जास्त दाबाखाली सलग ऑक्सिजन मेंदूला झेपत नाही, क्वचित फिट येऊ शकते. शुगर आत खाली जाते म्हणून आधी बोट टोचून बघतात, कमी असेल तर बिस्किटं खायला लावून थांबवतात. बाबांचा लांबचा नंबर मधे थोडा बदलला होता, पेपर चष्म्याशिवाय वाचता येतोय म्हणून ते खूष, डॉक्टर म्हणाले तात्पुरतं असतं, चष्मा बदलू नका. तसंच झालं.

नियम मात्र कडक. सुती कपडेच, ते पण त्यांचेच. मोबाईल, घड्याळ, लायटर, परफ्यूम, व्हॅसलीन, विक्स काही नाही. आमचे बाबा मालवणचे, डोक्याला खोबरेल तेल लावल्याशिवाय आयुष्यात घराबाहेर पडले नाहीत, त्यांना दारातून परत पाठवलं, केस धुवून या म्हणून. चिडले. तेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर आले, स्टूल ओढून समोर बसले आणि १९९७ ची गोष्ट सांगितली, इटलीत मिलानच्या हॉस्पिटलमधल्या चेंबरमध्ये आग लागली, एका पेशंटकडे हात गरम ठेवायचं छोटं यंत्र होतं असं पुढे आलं, ११ माणसं गेली. "काका, ऑक्सिजनमध्ये तेल म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको." बाबा गप्प झाले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच सकाळी शिकेकाईने डोकं धुवून तयार.

"तुम्हाला मी सांगायला नको" असं का म्हणाले, तर बाबा न्हावा इथल्या ओएनजीसी बेसला स्टोअरला होते, ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर, डायव्हरचं सामान, आयुष्यभर हेच. आणि डॉक्टर नेव्हीतून रिटायर झालेले, मरीन मेडिसिनचे एमडी. दोघांचं असं जमलं की आमच्या घरी संध्याकाळी तोच विषय.

ह्यावर जरा जास्त लिहिते कारण ह्या फील्डबद्दल आपल्या मुलांना काहीच माहिती नसते. मला पण नव्हती, मला वाटायचं हा श्वासाच्या डॉक्टरांचा नाहीतर त्वचेच्या डॉक्टरांचा प्रकार असेल. हे मुळात डायव्हर लोकांचं आणि पाणबुडीचं शास्त्र. आमचे डॉक्टर एमबीबीएस झाल्यावर नेव्हीत सर्जन लेफ्टनंट म्हणून लागले, मग कुलाब्याला नेव्हीच्या आयएनएचएस अश्विनी हॉस्पिटलच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे, तिथे मरीन मेडिसिन शिकले. म्हणजे हे शिक्षण आपल्या मुंबईतच मिळतं. पाणबुडीत हवा कशी शुद्ध ठेवायची, डायव्हर खाली किती वेळ राहिला तर वर कसा आणायचा, बुडालेल्या पाणबुडीतून माणूस बाहेर काढला तर त्याच्या अंगात काय झालेलं असतं, हे सगळं ह्यात येतं. ह्यातला डॉक्टर स्वतः डायव्हिंग शिकतो, स्वतः चेंबरमध्ये दाबाखाली बसतो. आमचे डॉक्टर म्हणाले, "ज्याच्या कानाला कधी दडे बसले नाहीत त्याने दुसऱ्याला दाबाखाली पाठवू नये."

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेत सेंट लुईसला मिसिसिपीवर ईड्स ब्रिज बांधत होते, पाण्याखाली दाबाची हवा भरलेल्या पेट्यांमध्ये उतरून मजूर पाया खणायचे आणि वर आले की सांधे धरायचे, पाय लुळे पडायचे, काही तर गेलेच. १८७० मध्ये तिथले डॉक्टर जामिने, मजुरांना काय होतंय बघायला स्वतः खाली उतरले, वर पटकन आले आणि त्यांनाच लकवा मारल्यासारखं झालं. पुढे ते बरे झाले आणि मजुरांचे कामाचे तास कमी करा, सावकाश वर आणा ह्यासाठी झटले. दाबाखाली अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे पटकन वर आल्यावर बुडबुडे होतात, हे कारण फ्रान्सच्या पॉल बेअरनी १८७८ मध्ये पक्कं केलं आणि थांबत थांबत वर यायचं कोष्टक १९०८ मध्ये हॉल्डेन ह्यांनी ब्रिटिश नेव्हीसाठी बनवलं, बकऱ्यांवर प्रयोग करून. आज कुठलाही डायव्हर मनगटावरचं कॉम्प्युटर बघून थांबत थांबत वर येतो ते त्याच वाटेने आलेलं. म्हणजे हा धंदा मजुरांच्या दुखण्यातून जन्मलाय.

बाबांनी त्यांना मुंबई हायचं विचारलं. सॅच्युरेशन डायव्हर असतात ना, ते जहाजावरच्या चेंबरमध्ये आठवडेच्या आठवडे दाबाखालीच राहतात, कामाला घंटेसारख्या बंद पेटीतून (डायव्हिंग बेल) खाली जातात, परत त्याच दाबात येऊन झोपतात, आणि काम संपल्यावर एकदाच वर आणतात, साधारण दर ३० मीटरला एक दिवस आणि वर एक दिवस असा हिशोब. २७ जुलै २००५ ला समुद्र सुरक्षा हे जहाज मुंबई हायच्या बीएचएन ह्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला धडकून आग लागली, २२ माणसं गेली, आणि त्या जळालेल्या जहाजावर ६ डायव्हर चेंबरमध्ये दाबाखाली अडकले होते, दार उघडून पळणं शक्यच नाही कारण तसं बाहेर पडणं म्हणजे मरणच. दीड दिवसाने त्यांना सुखरूप काढलं. बाबा तेव्हा ड्युटीवर होते. ते आणि डॉक्टर ह्यावर बराच वेळ बोलत बसले, बाबा घरी कधी हे बोलले नव्हते.

आणि मग तो दिवस. आम्ही पोचलो तर सांगितलं आजची बॅच पुढे ढकललीय, एमर्जन्सी आहे. समुद्रावर काम करणारा एक तरुण डायव्हर आणला होता, खांदा आणि कोपर दुखतंय, पायाला मुंग्या, नीट चालता येईना. दोन पेशंटचे नातेवाईक वैतागले, रजा काढून आलोय म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं पण. डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळ्यांना सरळ सांगितलं, की ह्याला आत्ता दाबाखाली नेलं नाही तर पाय कायमचे जाऊ शकतात, तुमचं सेशन उद्या सकाळी लावतो. मग पॅनेलसमोर उभे राहिले. ह्याला जे कोष्टक वापरतात त्याला टेबल ६ म्हणतात, अमेरिकन नेव्हीचं, १८ मीटरच्या दाबाला, म्हणजे २.८ ॲटमॉस्फिअर, ऑक्सिजन चालू करायचा, मध्ये मध्ये हवा, मग ९ मीटरवर आणायचं, तिथे अजून बराच वेळ, एकूण पावणेपाच तास आणि गरज पडली तर वाढवायचा. आम्हाला घरी जायला हरकत नव्हती पण बाबा उठायलाच तयार नाहीत. खिडकीतून दिसत होतं, आतला अटेंडंट त्या मुलाच्या तळव्याला टोक लावून विचारतोय कळतंय का, मुलगा मान हलवतोय, बाहेर डॉक्टर वेळेसकट लिहून घेतायत. शेवटी शेवटी अटेंडंटनेही मास्क लावला, मी विचारलं त्याला काय झालं, तर टेक्निशियन म्हणाला तो आत साधी हवा घेत असतो, म्हणजे नायट्रोजन त्याच्या पण अंगात भरतो, तो पण डायव्हरच झाला ना, त्याला पण ऑक्सिजन देऊनच वर आणायचं. त्याला त्या दिवशी दुसरं सेशन पण देत नाहीत. मला हे माहीतच नव्हतं की रोज आपल्या बाबांसोबत हसत खेळत आत बसणारा हा माणूस स्वतःच्या शरीराचा हिशोब ठेवून बसतो. मुलगा चालत बाहेर आला, लंगडत पण चालत. बाबा त्याला म्हणाले, "आता उडाक जाव नको हां." डॉक्टर हसले आणि म्हणाले काका माझं काम तुम्हीच केलंत, त्याला विमान बरेच दिवस बंद, उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि बुडबुडे परत त्रास देतात.

त्यावरून माझ्या आतेभावाचं सांगते, तो मालवणला पर्यटकांना स्कूबाला नेतो. डॉक्टरांनी फोनवर त्याच्याशी बोलून विचारलं की तुझे कोल्हापूर बेळगावचे गिऱ्हाईक डाइव्ह झाल्यावर कधी निघतात. आंबोलीचा घाट जवळपास ७०० मीटर उंच, शरीराला ते छोट्या विमानासारखंच. उथळ पाण्यातल्या ट्रायल डाइव्हला धोका कमीच, पण जे खोल आणि लागोपाठ डाइव्ह करतात त्यांनी लगेच घाट चढू नये. विमानाचा सर्वसाधारण नियम एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८. आतेभाऊ आता खोल डाइव्हवाल्यांना त्या रात्री मालवणातच थांबवतो.

अजून एक, आणि हे मला मनापासून लिहायचंय. माझ्या वहिनीच्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे, तिला कोणीतरी सांगितलं की ह्याने ऑटिझम बरा होतो, ती पैसे जमवून आली होती. डॉक्टरांनी तिला बसवलं, मुलाशी खेळले थोडं, आणि स्पष्ट नाही म्हणाले. ह्याचा पुरावा नाही, अमेरिकेच्या एफडीएनेही तसं लोकांना सांगितलंय, आणि २०२५ च्या जानेवारीत मिशिगनमध्ये एका सेंटरच्या चेंबरमध्ये ५ वर्षांचा मुलगा आगीत गेला, तेव्हा गरज नसताना लेकराला आत घालू नका. त्यापेक्षा हेच पैसे स्पीच थेरपीला लावा म्हणून सांगितलं. फी घेतली नाही. ती रडली, पण घरी जाताना हलकी होऊन गेली. ज्याचं मशीन रिकामं उभं असतं त्याने गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे सोपं नाही हो. ह्या ट्रीटमेंटचे मान्य झालेले आजार मोजकेच आहेत, डायव्हरचा आजार, धुराने विषबाधा, गॅस गँगरीन, काही शुगरच्या जखमा, रेडिएशनची इजा, अचानक गेलेलं ऐकू येणं असे, तेवढेच हे घेतात.

कमी काय ते पण सांगते. पार्किंग नाही, स्कूटर सुद्धा गल्लीत लावावी लागते. बाहेर बसायला जागा छोटी, व्हीलचेअर आली की सगळ्यांनी उठायचं. दोन तास बाथरूमला जाता येत नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, आधी आठवणीने पाठवा. मेडिक्लेमचं फार डोकं खातं, आमचे कागद परत परत मागितले, सेंटरने पत्रं वेळेवर दिली पण इन्शुरन्सवाल्यांना हे काय असतं तेच माहीत नव्हतं. खर्च कमी नाही, आधीच लेखी विचारून घ्या आणि सर्जनशी बोलून ठरवा, पुढचे पैसे एकदम भरू नका, इथे तसा आग्रह पण करत नाहीत. रिसेप्शनला दुपारी फोन उचलत नाहीत, ते सुधारा प्लीज.

पायाचं काय झालं ते राहिलंच. खोली भरत आली, मग लाल दाणेदार मांस दिसायला लागलं, सर्जननी कातडी लावली, ती धरली. अंगठा राहिला. ह्यात सर्जनचा वाटा मोठा आहे, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरचा आहे, शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या आईचा तर आहेच, आणि डॉक्टर स्वतःच सांगतात की एकट्या ऑक्सिजनने हे होत नाही.

कुणाचा मुलगा मुलगी एमबीबीएस करत असेल आणि समुद्राची आवड असेल तर इथे नक्की एकदा डॉक्टरांना भेटवा, ते वेळ देतात. इंटर्न मुलं शनिवारी येऊन बसलेली बघितलीयेत मी. ह्या विषयाचे डॉक्टर आपल्याकडे थोडे आणि बहुतेक नेव्हीतूनच तयार होतात, आणि किनारपट्टी आपली एवढी लांब.

जाताना जुने सगळे रिपोर्ट, छातीचा एक्स रे, औषधांची यादी आणि शुगरची वही न्या. सर्दी असेल तर आधी फोन करा, कान उघडत नाहीत आणि परत पाठवतात. सकाळची पहिली बॅच घ्या, तेव्हा डॉक्टर निवांत बोलतात आणि गल्लीत स्कूटरला पण जागा मिळते.